टॉर्च कोरलच्या एका हेडवर तपकिरी जेली आली आहे. कापू की औषधात बुडवू?

निळीखाडी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून मराठीतच विचारतो. इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर भराभर उत्तरं आली आणि त्यातली निम्मी उरलेल्या निम्म्यांशी भांडत होती.

टँक ७५ गॅलनचा, म्हणजे २८० लिटरच्या आसपास. खाली संप (फिल्टरची टाकी) आणि स्किमर (घाण फेसातून काढणारं यंत्र), वर दोन एलईडी. मासे थोडेच आहेत: क्लाऊनची जोडी, एक पिवळा टँग, एक रास. कोरलमध्ये चार हेडचा, म्हणजे चार तोंडांचा सोनेरी टॉर्च, त्याच्या उजवीकडे हिरवा हॅमर, मागे लेदर, आणि खालच्या दगडावर झोआंथिड पसरलेत. टॉर्च घरात सगळ्यांचा लाडका, कारण क्लाऊनची मादी त्यातच झोपते. मुलगी शाळेतून आली की आधी तिला बघते, मग दप्तर काढते.

शनिवारी टॉर्चचं डावीकडचं हेड आक्रसलेलं दिसलं. वाटलं, क्लाऊनने फार घासलं असेल. रविवारी सकाळी त्याच हेडवर तपकिरी बुळबुळीत थर आला, प्रवाहात हलणारा. नळीने थोडा ओढून घेतला तर घाण वास, आणि खाली पांढरा सांगाडा उघडा पडलेला. बाकीची तीन हेड फुलतात, पण आजारी हेडच्या शेजारचं आज जरा कमीच फुललंय.

आकडे देतो. तापमान ७८ फॅरनहाइट, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.०८, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३५०. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ९.५ डीकेएच (हे तिचं माप). एरवी ती ७.९च्या आसपास असते. नायट्रेट ४० वर गेलं होतं म्हणून गेल्या आठवड्यात ४० टक्के पाणी एकदम बदललं. जुनं मीठ दुकानात नव्हतं, म्हणून दुसऱ्या कंपनीची बादली आणली. काच घासताना वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) काढून परत लावला. एवढेच बदल.

दुकानदार म्हणतो, ही आयोडिनची बाटली सरळ टँकमध्ये ओता, होईल साफ. माझा हात धजत नाही. हेड कापायचं का? बाकीच्या तिघांना धोका आहे का? हॅमर हलवू का? जाणकारांनी कृपया सांगा.


कालवण (ह्यूस्टन)

बाटली ओतू नका. पंप बंद करा, जेली ओढून काढा, कोरल बाहेर काढा. बाकी दंतकथाताई येऊन सांगतीलच, हा त्यांचा प्रांत.


दंतकथा (टॅम्पा, फ्लोरिडा)

आले. पेशंटच्या दोन वेळांमध्ये लिहितेय, थोडं तुटक वाटलं तर चालवून घ्या.

निळीखाडी, तुम्ही जे लिहिलंय ते ब्राऊन जेलीच आहे. तपकिरी थर, वास आणि खाली उघडा सांगाडा एकत्र दिसले की फोटोची गरज नाही. त्या जेलीत सुटलेलं मांस असतं, बॅक्टेरिया असतात आणि ते मांस खाणारे सिलिएट नावाचे सूक्ष्मजीव असतात. मुलीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर ठेवलात तर शंभरपट मोठं करूनही वळवळताना दिसतील. आयोडिनने हे बरेच मरतात, पण मेलेलं हेड आयोडिनने जिवंत होत नाही. त्या हेडचा नाद सोडा. तुम्हाला आता उरलेली तीन वाचवायची आहेत, आणि त्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कापणं.

कापायला लोक घाबरतात, कारण त्यांना वाटतं आपण जिवंत प्राण्याचा तुकडा पाडतोय. टॉर्चची रचना नीट बघा. प्रत्येक हेड स्वतःच्या दांड्यावर असतं. मांस फक्त वरच्या कडेला, आणि कडेखाली थोडंसं उतरलेलं. त्याच्या खाली नुसता चुन्याचा दांडा, त्यावर गुलाबी कोरलाईन शेवाळ चढलेलं. त्या उघड्या दांड्यावर कापलंत तर शेजारच्या हेडला कळतसुद्धा नाही. अपवाद एकच: एखादं हेड दोनात फुटत असेल आणि मधलं मांस अजून जोडलेलं असेल, तर त्यातून करवत फिरवू नका. तसं असलं तर ती दोन्ही तोंडं एकच धरा. एकाला जेली लागली असेल तर दोन्ही काढा.

आता क्रमाने सांगते, कारण इथे घाई केली की जेली टँकभर होते.

सगळे पंप बंद. स्किमर बंद. एअर पंपाची असते तशी बारीक नळी घ्या, एक टोक बादलीत, आणि जेली सायफनने थेट बादलीत ओढा. पिचकारीने फुंकर मारून उडवू नका. उडालेला प्रत्येक तुकडा हॅमरच्या एखाद्या ओरखड्यावर जाऊन बसू शकतो. मग प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवा, टॉर्च पाण्याखालीच त्यात ठेवा आणि पाण्यासकट बाहेर आणा. फुललेल्या टॉर्चमध्ये पाणी भरलेलं असतं. तसाच हवेत उचलला तर त्याच्या वजनाने मांस सांगाड्याच्या धारदार पात्यांवर फाटतं. म्हणून आधी हाताने हलकं पाणी ढवळून त्याला मिटू द्या.

हत्यार. बहुतेक जण बोन कटर सांगतील. टॉर्चसाठी मला तो आवडत नाही. दाबाने दांडा आडवा तुटण्याऐवजी उभा चिरतो, आणि चीर वरच्या हेडपर्यंत गेली तर चांगलं हेडही गेलं. हिऱ्याच्या पात्याची चकती लावलेलं छोटं रोटरी यंत्र घ्या. मी क्लिनिकमध्ये दिवसभर हेच करते, फक्त तिथे दात असतात. चकतीवर टँकचं पाणी सोडत राहा, कोरल दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवा, आणि डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज. हे शोभेसाठी नाही. तुमच्याकडे झोआंथिड आहेत. त्या कुळातल्या, विशेषतः पॅलिथोआच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते माणसाला हॉस्पिटलात पोचवतं. कापताना त्या दगडाला चकती लागू देऊ नका. झोआंथिड असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकू नका. त्या वाफेने अख्खी कुटुंबं आजारी पडली आहेत.

कापल्यावर तीन चांगली हेड आयोडिनच्या डिपमध्ये. वेगळी बादली, टँकचंच पाणी, तापमान तेच, आत एक छोटा पंप, आणि प्रमाण बाटलीवर लिहिलं असेल तेच. दहा ते पंधरा मिनिटं. नंतर दुसऱ्या बादलीत स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या. डिपचं पाणी एक थेंबही टँकमध्ये परत जाता कामा नये, म्हणूनच दुकानदाराची बाटली टँकमध्ये नको. डिपसाठीचं आयोडिन जखमेवर थोडा वेळ लावायचं औषध आहे. टँकमध्ये ओतलंत तर ते कोळंबीला, गोगलगायीला आणि दगडातल्या उपयोगी बॅक्टेरियांना आधी गाठेल.

मेलेलं हेड पिशवीत बंद करून कचऱ्यात. चकती आणि कटर ब्लीचच्या पाण्यात, मग खळखळून धुवा.

आता कारण. मला तुमच्या मजकुरातली दोनच वाक्यं खुपली: नव्या कंपनीचं मीठ आणि वेव्हमेकर काढून परत लावला.

मिठाचा हिशेब करू. टँकमध्ये ७.९. त्यातलं ६० टक्के पाणी तसंच राहिलं, ४० टक्के नवीन आलं, आणि मिश्रण ९.५ झालं. म्हणजे नवं पाणी जवळजवळ १२ डीकेएचचं असणार. काही रीफ मिठं ११-१२ पर्यंत जातात, काही मुद्दाम ७-८ वर ठेवलेली असतात. नैसर्गिक समुद्रात साधारण ७ असते. ९.५ हा आकडा वाईट नाही. कितीतरी टँक ९ वर मजेत चालतात. एका दुपारीत ७.९ वरून तिथे उडी मारणं वाईट. त्या बादलीचं पाणी कालवून वेगळं तपासा आणि आकडा इथे टाका.

वेव्हमेकर. टॉर्चला हलता, तिरका प्रवाह आवडतो. झोत सरळ एकाच हेडवर बसला की मांस कडेच्या पात्यांवर दिवसरात्र घासतं, आणि तिथे जखम होते. जेली जखमेवर बसते. डावीकडचंच हेड का गेलं, ते पंप चालू करून तुमच्या डोळ्यांनी बघा.

अल्कलिनिटी खाली आणायला ॲसिड वगैरे ओतू नका. अल्कलिनिटी वाढवणारं डोसिंग (रोज थोडं द्रावण घालणं) करत असाल तर थांबवा, कोरल स्वतः ती वापरतील, रोज तपासा, आणि ८ च्या जवळ आली की डोसिंग परत सुरू करा. संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. हॅमर हलवू नका, उगाच त्यालाही ओरखडा यायचा.


पश्चिमवारा (सॅन होजे)

ताईंशी बहुतेक सहमत, पण अँटिबायोटिकचा उल्लेखही नाही? इकडच्या क्लबमध्ये युफिलिया जातीला (टॉर्च, हॅमर त्यातलेच) जेली आली की थेट सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतात. आणि ताई, तुमच्याच फ्लोरिडात शास्त्रज्ञ समुद्रात जाऊन कोरलना अमॉक्सिसिलिन लावतात. ते चालतं, मग आम्ही बादलीत वापरलं तर काय बिघडलं?

जाता जाता माझाही प्रश्न. ॲक्रोपोराच्या (फांद्याफांद्यांनी वाढणारा कोरल) एका फांदीची साल खालून वर पांढरी होत चालली आहे. हळूहळू, रोज थोडी. टोकं अजून छान निळी आहेत. हे काय?


दंतकथा

चांगला प्रश्न. जरा सविस्तर उत्तर देते, कारण या गोष्टीचा अर्धाच भाग सगळीकडे फिरतो.

फ्लोरिडात २०१४ मध्ये मायामीजवळ व्हर्जिनिया कीपाशी एक नवीन रोग दिसला. त्याला स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज म्हणतात. तो किनाऱ्याने उत्तर-दक्षिण पसरला, मग कॅरिबियनमध्ये गेला. वीसहून जास्त जातींच्या दगडी कोरलना तो होतो. खांबासारखं उभं वाढणारं पिलर कोरल तर फ्लोरिडाच्या रीफवरून जवळपास गेलंच. आधी क्लोरीन मिसळलेलं इपॉक्सी लावून बघितलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग अमॉक्सिसिलिन हळूहळू सोडणारा एक घट्ट लेप आला. डायव्हर खाली जातात आणि जखमेच्या कडेवर, मेलेलं आणि जिवंत मांस जिथे भेटतं त्या रेषेवर, तो लेप बोटांनी दाबून बसवतात. ती जखम बऱ्याचदा थांबते. पण त्याच कोरलवर दुसरीकडे नवी जखम येऊ शकते, म्हणून परत परत जाऊन बघावं लागतं. म्हणजे औषध रेषेवर, हाताने, मोजकं. कुणीही रीफवर पोतंभर पावडर ओतत नाही. आणि त्याच्या जोडीला निरोगी कोरल समुद्रातून काढून देशभरातल्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत सांभाळायला पाठवले गेले, जात टिकावी म्हणून. हा भाग कुणी सांगत नाही.

तो रोग वेगळा, ब्राऊन जेली वेगळी. त्या रोगाच्या औषधावरून याचं औषध ठरवता येत नाही.

सिप्रो वापरणारे लोक मूर्ख नाहीत. वेगळ्या टँकमध्ये, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, महागडा आणि कापायला दांडाच नसलेला टॉर्च असेल, तर मीही विचार करेन. पण मी रोज अमॉक्सिसिलिन लिहून देणारी बाई आहे. पू झालेला दात तसाच ठेवून नुसत्या गोळ्या दिल्या तर गोळ्या संपल्यावर पेशंट सुजलेला गाल घेऊन परत येतो. इथेही कुजकं हेड जागेवर ठेवून टँकमध्ये अँटिबायोटिक टाकलं तर तेच, वर टँकचे नायट्रिफाय करणारे बॅक्टेरिया धोक्यात. आधी कापा. कापल्यावर नव्वद टक्के वेळा गोळीचा प्रश्नच येत नाही. हा टक्का माझ्या अनुभवाचा अंदाज आहे, कुणी मोजलेला नाही.

ॲक्रोपोरा: साल खालून निघते तेव्हा मी तीन गोष्टी बघते. अल्कलिनिटी गेल्या काही आठवड्यांत वरखाली झाली का? खालच्या भागावर सावली पडून प्रवाह कमी झाला का? आणि किडे. फांदी बाहेर काढून पिचकारीने जोरात पाणी मारा, पांढऱ्या ताटलीवर काय पडतं बघा. मांसावर गोल फिकट चावे, आणि पांढऱ्या झालेल्या भागाच्या कडेला सांगाड्यावर सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले तर ॲक्रोपोरा खाणारे चपटकृमी आहेत. डिपने कृमी पडतात, अंडी मरत नाहीत. अंडी खरवडून काढा किंवा तो भागच तोडा, आणि डिप दर आठवड्याला काही आठवडे चालू ठेवा.

किडे नसतील आणि पांढरी रेषा पुढे सरकतच असेल, तर रेषेच्या बरंच वर, जिवंत निळ्या भागात कापा आणि वरचा तुकडा (फ्रॅग) नव्या फ्रॅग प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, जेल सुपरग्लूने चिकटवा. इथे बोन कटर चालतो, ॲक्रोपोराची फांदी बारीक असते. रेषा एका रात्रीत हातभर सरकली तर मात्र वाट बघू नका, दिसेल तिथून तुकडे करून मित्रांच्या टँकमध्येही ठेवायला द्या. उलटं, टोकं पांढरी पडून जळल्यासारखी दिसली तर आधी अल्कलिनिटी तपासा. जास्त अल्कलिनिटी आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ, ही जोडी टोकं जाळते.


औषधपाणी (लेस्टर)

फार्मासिस्ट म्हणून दोन ओळी. इथे ब्रिटनमध्ये प्राण्यांसाठीही अँटिबायोटिक पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सिप्रो ज्या गटातलं आहे तो गट प्रकाशात विघटित होतो. रीफच्या दिव्याखाली टाकून उपयोग झाला नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि ते पाणी शेवटी गटारात जातं, तेव्हा आपल्या शौकासाठी ही औषधं जितकी कमी वापरू तितकं बरं.


घाटमाथा (पुणे)

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. माझा विषय थोडा वेगळा. पुण्यात एक जण टॉर्च आणि हॅमर मिळवून देतो म्हणतोय, कोचीहून येतील म्हणे. दोनशे लिटरचा टँक गोड्या पाण्याचा आहे, तो बदलायचा विचार आहे. घ्यावेत का?


दंतकथा

घेऊ नका. हे सल्ला म्हणून नाही, कायदा म्हणून सांगते. २००१ मध्ये दगडी कोरलचा अख्खा गट, स्क्लेरॅक्टिनिया, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आला. वाघ आहे त्याच यादीत. टॉर्च, हॅमर, ॲक्रोपोरा, मेंदू कोरल सगळे त्यात. काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे हेही. इकडे अमेरिकेत लोक घरी वाढवलेले फ्रॅग एकमेकांना देतात, ते बघून भारतात तसंच चालेल असं वाटतं. चालत नाही. 'मिळवून देतो' म्हणणाऱ्या माणसाला कागद विचारा, तो विषय बदलेल.

खाऱ्या पाण्याची हौस असेल तर टँकमध्ये जन्मलेल्या क्लाऊनची जोडी घ्या. त्यांना कोरल लागत नाही, कुंडीतही झोपतात. साधा दगड, चांगला फिल्टर, पाणी स्थिर. दोनशे लिटर त्याला भरपूर.

कोरल बघायचेच असतील तर आमच्या सिंधुदुर्गात या. मी मूळची वेंगुर्ल्याची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे आणि किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंगला नेतात. पावसाळ्यात नाही, समुद्र गढूळ असतो. डिसेंबर-जानेवारीत जा. फक्त गाईड 'इथे उभे राहा, फोटो काढतो' म्हणाला तर उभे राहू नका, पायाखाली बहुधा तेच असतं.


निळीखाडी

मंडळी, उशिरा लिहितोय, आठवडा गडबडीत गेला.

सगळं ताईंनी सांगितलं तसंच केलं. रोटरी यंत्र शेजारच्या गुजराती काकांकडे होतं, चकती ऑनलाइन मागवली. बायकोने पाणी सोडलं, मी कापलं. वास इतका होता की गॅरेजचं दार उघडं ठेवावं लागलं आणि समोरच्या घरातून विचारणा झाली.

पंप चालू करून बघितलं. वेव्हमेकर परत लावताना तोंड बोटभर फिरलं होतं आणि झोत बरोबर डाव्या हेडवर. कापलेलं हेड धुऊन बघितलं तर ज्या बाजूला झोत होता तिकडचं मांस आधी गेलेलं, पलीकडे अजून थोडं शिल्लक.

नव्या मिठाचं पाणी ३५ पीपीटी खारेपणाला कालवून अल्कलिनिटी तपासली: ११.८.

शेजारचं जे हेड कमी फुलत होतं ना, त्यावर डिपनंतर दुसऱ्या दिवशी जेली दिसलीच. तेही कापून टाकलं. उरलेली दोन वेगवेगळी करून रॅकवर खालच्या कोपऱ्यात ठेवलीत, दोन्ही फुलताहेत, एक तर आधीपेक्षा लांब. अल्कलिनिटी आता ८.३. हॅमर ठीक.

क्लाऊनची मादी बिथरली आहे. आधी वेव्हमेकरच्या मागे झोपली, आता हॅमरमध्ये घुसायला बघते. मुलगी म्हणते तिला नवीन टॉर्च आणा. दोन प्रश्न: ही दोन हेड जुन्या जागी कधी लावू? आणि हॅमरचं काय करू, तो फार मोठा नाही.


कालवण

काकांना यंत्र धुऊन परत द्या म्हणजे झालं.


दंतकथा

दुसरं हेड जाणं अनपेक्षित नाही. कमी फुललेलं शेजारचं हेड बहुतेक वेळा जातंच. ते वेळेवर काढलंत, म्हणून आज दोन आहेत.

जुन्या जागेची घाई नको. कापलेल्या दांड्याच्या वरच्या कडेला मांस पूर्ण गोल, न तुटलेलं दिसू दे, आणि हेड सलग काही आठवडे रोज तेवढंच फुलू दे. तोवर रॅकवरच. प्रकाश वाढवू नका. खायला देण्याचा मोह होईल, कोळंबीचा तुकडा वगैरे. आत्ता नको. न पचलेला तुकडा तोंडात कुजला तर पुन्हा त्याच गोष्टीला आमंत्रण. नंतर लावाल तेव्हा दोन्ही हेड हॅमरपासून चांगली वीतभर लांब. हॅमर आणि त्याचा भाऊबंद फ्रॉगस्पॉन कोरल एकमेकांना सहसा चालवून घेतात. टॉर्च हॅमरला डसतो, आणि रात्री त्याचे दंश करणारे धागे दिवसा दिसतात त्यापेक्षा बरेच लांब जातात.

मादी हॅमरमध्ये शिरली तर लगेच हाकलू नका, पण रोज सकाळी दिवे लागल्यावर हॅमरची कड बघा. लहान हॅमर तिच्या घासण्याने दिवसभर मिटलेला राहू लागला तर त्यावर अंड्यांची प्लास्टिकची टोपली पालथी बांधा, जाळीतून प्रकाश आणि पाणी जातं. ती कंटाळून लेदरमध्ये जाईल. बरेच क्लाऊन जातात, आणि लेदरला त्याचं फारसं काही वाटत नाही.

नवीन टॉर्च आणलात तर तो आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवा. दहा गॅलन, हीटर, छोटा पंप, साधा दिवा, एवढं पुरतं. आणल्या दिवशी डिप करा आणि डिपच्या बादलीच्या तळाशी काय पडलंय ते बॅटरीच्या उजेडात बघा. युफिलिया खाणारे चपटकृमीही असतात.

ती नवी बादली टाकून देऊ नका, मीठ चांगलं आहे. १० टक्क्यांच्या वर पाणी बदलू नका म्हणजे झालं. १० टक्क्यांत अल्कलिनिटी ८.३ वरून जेमतेम ८.७ होईल, कोरलना ते झेपतं.


पश्चिमवारा

माझ्या ॲक्रोपोरावर अंडी सापडली. ताटलीवर कृमीही पडले, पारदर्शक, फांदीवर असताना अजिबात दिसत नव्हते. आज पहिला डिप झाला. रास असतील तर ते कृमी खातात ना?


दंतकथा

काही रास दिसलेले कृमी टिपतात. अंड्यांना कोणी हात लावत नाही. रास ठेवा, डिपही चालू ठेवा. आणि टँकमधल्या बाकीच्या सगळ्या ॲक्रोपोरा बाहेर काढून तपासा, ज्या दगडाला चिकटल्या आहेत त्यासुद्धा.